तारेला सगळं ऐकू येतं

एका पावसाळ्यात आमचा लँडलाइन फोन मुका झाला. रिसीव्हर कानाला लावला तर टोन नाही, खरखर नाही, काहीच नाही. लॅपटॉप उघडून तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांकही आला, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. जी तार बंद पडली म्हणून तक्रार केली, त्याच तारेवरून ती तक्रार गेली होती! फोन मेलेला आणि इंटरनेट जिवंत. रडतखडत चाललं होतं, दर दहा मिनिटांनी तुटत होतं, पण चाललं होतं. तिसऱ्या दिवशी लाइनमन आला, खांबावरच्या डीपी बॉक्समध्ये डोकं घालून दोन मिनिटांत खाली उतरला. "एक तार तुटलीय, साहेब. एकाच तारेवर चाललंय तुमचं नेट." त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. असली घरं तो रोज बघत असणार. मी मात्र पुढचे कित्येक दिवस त्या एका वाक्यावर अडकून पडलो होतो.

फोनला दोन तारा लागतात, हे शाळेतल्या विजेच्या धड्यातही बसतं. एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून प्रवाह एका तारेने घरी येतो, दुसऱ्या तारेने परत जातो. एक तार तुटली की वर्तुळ तुटलं, टोन गेला. पण ब्रॉडबँडचा प्रवाह सरळ वाहतच नाही. तो सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलतो, आणि इतक्या घाईच्या प्रवाहाला तुटलेली तार पूर्ण तुटलेली नसते. तुटलेली दोन टोकं जवळजवळ असतात, शेजारची तार अख्ख्या रस्ताभर चिकटून चाललेली असते. दोन धातू, मध्ये थोडं अंतर, म्हणजे झाला कपॅसिटर. त्यातून थोडासा संदेश पाझरतो. तो थोडासा संदेश मोडेमला पुरतो.

इंटरनेटबद्दल आपण नळाच्या पाण्यासारखं बोलतो. "आज स्पीड कमी येतोय", "वरूनच कमी सोडलाय". फोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडला ही भाषा लागू पडत नाही. ही तार नळ नाही, कान आहे. तिला एक्स्चेंजचं बोलणं ऐकू येतं, शेजाऱ्याच्या तारेतलं ऐकू येतं, तुमच्या घरातला पंख्याचा रेग्युलेटर ऐकू येतो, आणि आकाशवाणीसुद्धा ऐकू येते. नेट मंद झालं याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की तिला नको ते फार ऐकू येतंय. मग दुरुस्ती म्हणजे काय, तर ती काय ऐकतेय ते शोधायचं.

माणसाचं बोलणं समजायला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुरतो, म्हणून टेलिफोनवाल्यांनी प्रत्येक तारेवर चार किलोहर्ट्झपर्यंतची जागा बोलण्याला दिली. जुन्या डायल-अप मोडेमचा तो किर्र-खर्र आवाज आठवतो ना? तो त्याच चार किलोहर्ट्झात कोंबून बसवलेला संदेश होता, म्हणून तो ५६ किलोबिटच्या पुढे गेला नाही. पण तांब्याला ही मर्यादा कोणी सांगितली होती? तार त्याच्या कितीतरी वर वाहू शकत होती. तळमजल्यावर आजोबा फोनवर बोलतायत आणि वरचे सगळे मजले शंभर वर्षं कुलूप लावून रिकामे, असा तो प्रकार होता. फोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडच्या एडीएसएल या पद्धतीने ती कुलपं काढली. साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झ अपलोडला, तिथून ११०४ पर्यंत डाउनलोडला. पुढे एडीएसएल टू प्लसमध्ये २२०८ पर्यंत. अपलोडला एवढीशी आणि डाउनलोडला एवढी मोठी जागा, ही कंजुषी नाही. अमेरिकेतल्या बेलकोर या संशोधन संस्थेतल्या जोसेफ लेचलायडर यांचं हे डोकं. एक्स्चेंजमध्ये शेकडो घरांच्या तारा एकमेकींना खेटून असतात. तिथे एकीचं जोरात बोलणं आणि दुसरीचं लांबून आलेलं क्षीण ऐकणं एकाच पट्ट्यात ठेवलं, तर सगळाच गोंधळ. दोन्ही दिशा वेगळ्या केल्या आणि बहुतेक जागा एकाच दिशेला दिली, की तीच तार कितीतरी जास्त वाहते.

आता यातला मला सर्वात सुंदर वाटणारा भाग. मोडेम हा सगळा पट्टा एकसंध वापरत नाही. तो त्याचे ४.३१२५ किलोहर्ट्झचे तुकडे करतो. एडीएसएलमध्ये असे २५६, टू प्लसमध्ये ५१२. प्रत्येक तुकडा म्हणजे एक स्वतंत्र छोटा मोडेम. मोडेम चालू केल्यावर डीएसएलचा दिवा मिनिटभर लुकलुकत राहतो, आपण वैतागून त्याच्याकडे बघत असतो. त्या मिनिटात तारेची दोन्ही टोकं एकेका तुकड्यावर आवाज करून बघत असतात: इथे किती ऐकू येतं? इथे खरखर किती? स्वच्छ तुकड्यावर जास्तीत जास्त १५ बिट लादले जातात, गढूळ तुकड्यावर दोन-तीन, आणि अगदी खराब असेल तर तो सोडूनच देतात. १५ बिट म्हणजे एकाच ठोक्यात ३२,७६८ वेगवेगळ्या आकारांतला नेमका एक ओळखायचा, आणि असे सेकंदाला चार हजार ठोके. ही डीएमटी नावाची पद्धत स्टॅनफर्डचे जॉन सिऑफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. १९९३ साली बेलकोरमध्ये प्रतिस्पर्धी पद्धतींशी समोरासमोर चाचण्या झाल्या, त्यात तिने बाकीच्यांना मागे टाकलं. काही मोडेमच्या पानावर या तुकड्यांचा आलेख बघायला मिळतो. अधूनमधून दात पडलेल्या कंगव्यासारखा दिसतो तो.

ते पडलेले दात कोणी पाडले, हे शोधण्यात खरी मजा आहे. आकाशवाणीचं पुणे केंद्र मीडियम वेव्हवर ७९२ किलोहर्ट्झ. भागाकार करून बघा, १८३ आणि १८४ क्रमांकांच्या तुकड्यांच्या मधोमध नाही, पण १८४ च्या अगदी अंगणात ते येतं. मुंबईचं १०४४ किलोहर्ट्झ तर २४२ व्या तुकड्याच्या बरोबर डोक्यावर. मीडियम वेव्हचा जवळजवळ सगळा पट्टा ब्रॉडबँडच्या पट्ट्यातच पडतो. खांबावरून लोंबत गेलेली तार ही नकळत उभारलेली एरियल असते. तुम्ही सिनेमा डाउनलोड करत असता आणि त्याच तांब्यातून बातम्या वाहत असतात.

दिवसा हा त्रास जवळच्या केंद्रांपुरता. सूर्य मावळला की गोष्ट बदलते. वातावरणाच्या वरच्या थरात, आयनांबरात, 'डी' नावाचा एक थर दिवसा उन्हाने तयार होतो आणि मीडियम वेव्हच्या लहरी पिऊन टाकतो. रात्री तो विरतो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरांवर आपटून शेकडो किलोमीटर दूर खाली उतरतात. रात्री ट्रान्झिस्टरचा काटा फिरवला की कुठकुठली केंद्रं लागायची, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. तुमच्या फोनच्या तारेलाही ती सगळी लागतात.

आता 'मोडेम बंद करून चालू करा' या जगप्रसिद्ध उपायाकडे या नजरेने बघा. तो उपाय चालतो, कारण मोडेम पुन्हा एकदा सगळे तुकडे तपासतो आणि त्या क्षणीच्या गोंगाटाप्रमाणे नवा हिशेब मांडतो. पण तुम्ही तो सकाळी अकराला, तार शांत असताना, चालू केलात तर तो भलत्याच उत्साहात सगळ्या तुकड्यांवर भरपूर ओझं लादतो. रात्री लांबची केंद्रं आली की ते ओझं झेपत नाही. मोडेम शेजारच्या तुकड्यांवर थोडेफार बिट हलवून बघतो, तेही पुरलं नाही की नेट तुटतं. रोज रात्री नेट जात असेल तर मोडेम रात्री दहाला बंद करून चालू करा. वेग थोडा कमी बसेल, पण बसलेला राहील. मी हा प्रयोग केला आणि आठवडाभर एकदाही नेट तुटलं नाही, तेव्हा कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. ऐकणारं कोणी नव्हतं. मात्र दिवसातून दहा वेळा हा उपाय करू नका. अनेक ठिकाणी एक्स्चेंजकडचं यंत्र तुटण्यांची मोजदाद ठेवतं. वारंवार तुटतंय असं दिसलं की ही लाइन कच्ची आहे असं धरून ते स्वतःच वेग उतरवतं.

रेडिओ निदान ओळखीचा तरी. अनोळखी गोंगाटाची सर्वात चांगली गोष्ट वेल्समधली आहे. पॉविस परगण्यातलं अबरहोसन नावाचं छोटं गाव. तिथे दीड वर्षं रोज सकाळी सातला गावाचं ब्रॉडबँड बसायचं. तिथल्या तारांची देखभाल ओपनरीच ही कंपनी करते. तिच्या माणसांनी पुन्हा पुन्हा तपासण्या केल्या, केबलचे मोठे तुकडे बदलले. सगळं ठीक, तरी सातला नेट बसलेलंच. शेवटी एक दिवस ते पहाटे स्पेक्ट्रम ॲनालायझर घेऊन, मुसळधार पावसात, गावात फिरले. बरोबर सातला यंत्रावर गोंगाटाचा लोट उठला. माग काढत ते एका घरापाशी पोहोचले. तिथे एक जुना, सेकंडहँड टीव्ही होता आणि घरमालक रोज सातला तो लावायचे. लावल्याबरोबर त्यातून विजेचा असा झटका उठायचा, की गावभर तारा बहिऱ्या व्हायच्या. कळल्यावर ते घरमालक शरमून गेले आणि टीव्ही पुन्हा न लावण्याचं त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं. ही २०२० सालची हकिगत.

स्पेक्ट्रम ॲनालायझर आपल्याकडे कुठून असणार? पण गरज नाही, कारण त्याच पट्ट्यात ऐकणारं एक यंत्र माळ्यावर पडलेलं असतं: मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर. सेल घाला, काटा पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे, जिथे कुठलंही केंद्र नाही अशा जागी ठेवा, आणि घरभर फिरा. मोडेमच्या ॲडॅप्टरजवळ न्या. स्वस्तातल्या एलईडी दिव्याखाली धरा. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर ठेवून त्याच्याजवळ जा. तो विजेची लाट सेकंदाला शंभर वेळा कापत असतो, त्याची घरघर स्पष्ट ऐकू येईल. इन्व्हर्टर, चार्जर, मिक्सर, सगळे आपापल्या आवाजात बोलायला लागतील. जिथे ट्रान्झिस्टर ओरडतो, तिथून मोडेम आणि त्याची तार लांब न्या. यापेक्षा स्वस्त तपासणी मला माहीत नाही.

एवढ्या गोंगाटात तार मुळात काही ऐकू शकते, याचं श्रेय पीळ घालण्याला. टेलिफोन केबल सोलून बघितलीत तर तारांच्या जोड्या वेणीसारख्या पिळलेल्या दिसतात. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली याचं पेटंट घेतलं. बाहेरचा गोंगाट पिळलेल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो, आणि मोडेम फक्त दोघींमधला फरक वाचतो, म्हणून सारखं असलेलं सगळं वजा होतं. केबलमधल्या शेजारशेजारच्या जोड्यांचे पीळही मुद्दाम कमीजास्त ठेवतात, म्हणजे त्या एकमेकींचं चोरून ऐकणार नाहीत. आमच्या पावसाळी नेटचा वेग का कोसळला होता, ते इथे उलगडतं. एकच तार उरली, वजाबाकीला जोडीदारीण नाही, म्हणून सगळा गोंगाट अंगावर. आणि म्हणूनच एक्स्चेंजपासून घरापर्यंत नीट पिळत आलेली जोडी शेवटच्या खोलीत नेण्यासाठी बाजारातून पंधरा मीटर चपटी, बिनपिळाची वायर आणून लावली, की आपणच बेलसाहेबांच्या कामावर पाणी टाकतो. मोडेम भिंतीवरच्या रोझेटजवळ, म्हणजे फोनच्या तारेच्या डबीजवळ, ठेवा. पुढे लांब न्यायचंच असेल तर नेटवर्कची केबल न्या.

घरातल्या जुन्या एक्स्टेन्शनच्या तारा हा आणखी एक छुपा चोर. बेडरूममध्ये कधीकाळी फोन होता. फोन गेला, तार भिंतीत राहिली. संदेश त्या आडवाटेलाही जातो, बंद टोकावर आपटतो आणि परततो. तांब्यात तो सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो, म्हणजे एक मेगाहर्ट्झला त्याच्या एका लाटेची लांबी २०० मीटर. आडवाट ५० मीटरची असेल तर जाऊन येऊन १०० मीटर, अर्धी लाट. परत आलेली लाट मूळ लाटेच्या नेमकी उलटी, दोघी एकमेकींना खाऊन टाकतात, आणि एक मेगाहर्ट्झच्या आसपासचे तुकडे गायब. कुठेही न पोहोचणारी तार चालू तारेचा वेग खाते. वापरात नसलेली एक्स्टेन्शन रोझेटमधून सोडवून टाका. आणि फोन जोडलेला असेल तिथे प्रत्येक ठिकाणी स्प्लिटर, म्हणजे बोलणं आणि नेट वेगळं करणारा फिल्टर, हवा. एका कोपऱ्यातला जुना कॉलर-आयडीचा डबा बिनफिल्टरचा राहिला तरी तो सगळ्या लाइनवर चिखल उडवतो.

फोन वाजला की नेट जातं, ही तक्रार वेगळ्या जातीची. पहिला संशय स्प्लिटरवर, तो बदलून बघा. नाही फरक पडला तर कुठेतरी तांब्याचा जोड गंजलाय. तांब्यावर चढणारा ऑक्साइडचा थर अर्धवाहक असतो. एकेकाळी त्याचेच रेक्टिफायर बनवत. म्हणजे गंजलेला जोड हा कोणी न बसवलेला इलेक्ट्रॉनिक भाग असतो. रिंगचा सत्तर-ऐंशी व्होल्टचा झटका आला की त्याची वागणूक बदलते, आणि मोडेमने मघाशी मांडलेला हिशेब चुकतो. गंमत म्हणजे कधीकधी तोच झटका ऑक्साइडचा पापुद्रा फोडतो आणि लाइन तात्पुरती सुधारते. तक्रारीच्या चौकशीसाठी तुम्हाला फोन येतो, आणि त्या फोननेच लाइन बरी होते! तुम्ही म्हणता, "आत्ताच चालू झालं बघा." दोन दिवसांनी पुन्हा तेच.

गंजाचा विचार मात्र टेलिफोनवाल्यांनी फार आधी केला होता. एक्स्चेंजच्या त्या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं आणि तारेवर उणे ४८ व्होल्ट. आपल्या गाडीच्या नेमकं उलट. कारण पाऊस. ओल्या मातीत केबलला चीर पडली आणि प्रवाह गळायला लागला, तर धन बाजूचा धातू विरघळतो. तार ऋण ठेवली की विरघळायचं काम तिच्या वाट्याला येत नाही. इलेक्ट्रोप्लेटिंगचा नियम उलटा वापरून अख्ख्या शहराचं तांबं सांभाळलं गेलं. तरी आपला जुलै-ऑगस्ट तो जुलै-ऑगस्टच. डीपी बॉक्सचं झाकण उघडं राहिलं की बॅटरीची दिशा काय करणार? रिसीव्हर उचलून, एखादा आकडा दाबून टोन थांबवा आणि ऐका. खरखर येत असेल तर मोडेमशी झटापट करू नका. जोड ओला आहे, लाइनमनचंच काम आहे.

आकडे बघायचे असतील तर मोडेमच्या आतलं पान उघडा. बहुतेकांचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. तिथला अटेन्युएशन म्हणजे वाटेत संदेश किती झिजला. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्यात ढोबळमानाने किलोमीटरला तेरा-चौदा डेसिबल. ५० डेसिबल म्हणजे निघालेल्या शक्तीचा लाखावा भाग पोहोचला. एक्स्चेंजकडून निघतो मुळात जेमतेम दशांश वॅट, त्याचा लाखावा भाग तुमच्या घरी, आणि त्यावर सिनेमे चालतात! हा आकडा अंतराचा आहे, त्यावर इलाज नाही. तो एका रात्रीत वाढला तर मात्र तार कुठेतरी बिघडली. दुसरा आकडा एसएनआर मार्जिनचा, म्हणजे गोंगाट अजून किती वाढला तरी चालेल याची शिल्लक. सहा डेसिबलच्या आसपास बेतलेली असते. रोज संध्याकाळी ती दोन-तीनवर येत असेल तर कारण तुम्हाला आता माहीत आहे. माझं मत विचाराल तर चार मेगाबिटची न तुटणारी लाइन आठ मेगाबिटच्या तुटणाऱ्या लाइनपेक्षा केव्हाही चांगली.

आणि हे सगळं करण्याआधी एकदा लॅपटॉप केबलने थेट मोडेमला जोडून बघा. तेव्हा नेट सुरळीत चाललं तर दोष वाय-फायचा, तांब्याला उगीच बोल लावू नका. घरातल्या कोणाचा मोबाइल फोटोंचा बॅकअप घेतोय का, तेही बघा. अपलोडची चिंचोळी वाट तुंबली की डाउनलोडच्या पोचपावत्या अडकतात आणि रुंद वाटही ओस पडते.

आपल्याकडे सरकारी कंपन्यांनी फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड आणलं २००५ च्या सुरुवातीला. तेव्हा २५६ किलोबिटला ब्रॉडबँड म्हणत, आणि रात्री दोन ते आठ मोफत म्हणून पोरं गजर लावून डाउनलोड करायची. आता तांब्याच्या जागी फायबर येतंय. काचेच्या तंतूला आकाशवाणी ऐकू येत नाही, टीव्हीचे झटके लागत नाहीत, पीळ घालावा लागत नाही. ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं जानेवारी २०२७ अखेर बंद करायचं ठरलं आहे.

फायबर येईपर्यंत ज्यांच्या घरी अजून तांब्याची तार आहे, त्यांनी एक वही करावी. नेट तुटलं की तारीख आणि वेळ लिहायची, पाऊस होता का, फोन वाजला का, कोणी काही चालू केलं का, एवढंच. अबरहोसनचा टीव्ही सापडला तो रोजच्या सात वाजण्यामुळे. लाइनमन आला की "स्लो चाललंय हो" असं म्हणू नका, ती वही त्याच्या हातात द्या.